सेवाकरार : सही झाल्यानंतरचे अकरा महिने

माल विकत घेताना व्यापारी सहसा फसत नाही. हळदीचे कांडे तो मोडून पाहतो, बेदाण्याची मूठ उजेडात धरतो, काट्यावर वजन चालू असताना नजर हलू देत नाही. सेवा विकत घेताना मात्र मोडून पाहण्यासारखे किंवा मुठीत धरण्यासारखे काहीच हाती येत नाही. शीतगृहातील थंडी, जनरेटरची देखभाल, हिशोबाच्या संगणकप्रणालीची व्यवस्था, मालवाहतूक, गोदामावरचा पहारा ही सारी खरेदी वचनाची असते. वचन पाळले जात आहे की नाही हे रोज दिसत नाही. दिसते तेव्हा बहुधा नुकसान होऊन गेलेले असते. असे असूनही किलोमागे आठ आण्यांसाठी तासभर घासाघीस करणारी पेढी वर्षभराच्या सेवाकरारावर चहा गार होण्याआधी सही करते. दर तेवढा पाहिला जातो. उरलेली पाने कपाटात जातात.

आणि पुष्कळदा पाने नसतातच. दक्षिण महाराष्ट्रातील व्यापारी कुटुंबांत शीतगृहाचा मालक, वाहतूकदार किंवा विम्याचे काम पाहणारा गृहस्थ नात्यातला, निदान दोन पिढ्यांच्या ओळखीतला असतो. ‘आपल्या माणसाशी कागद कसला?’ हा प्रश्न अशा वेळी सहज विचारला जातो. त्यामागे तोंडी सौद्याची, दलालाच्या चिठ्ठीची आणि हुंडीच्या शब्दाची मोठी परंपरा आहे. तिला हसण्याचे कारण नाही. १८७२ चा भारतीय करार कायदाही तोंडी करार मान्य करतो. परंतु मालाच्या सौद्यात ठरवावयाच्या गोष्टी मोजक्या असतात. प्रत, वजन, दर आणि पैसे देण्याची मुदत एवढे ठरले की काम भागते, आणि काही दिवसांत सौदा पुराही होतो. सेवा वर्षभर चालते. तिच्यात लहानसहान पन्नास गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी एकसारख्या गृहीत धरलेल्या नसतात. शिवाय दोन ज्येष्ठांनी दहा वर्षांपूर्वी ओसरीवर बसून काय ठरवले, ते त्यांच्या मुलांना वारसाहक्काने मिळत नाही. दोन्ही घरांत एकाच बैठकीच्या दोन निरनिराळ्या आठवणी सांगितल्या जातात, आणि दोन्ही प्रामाणिक असतात. परक्याशी बिनसले तर एक व्यवहार तुटतो. आप्ताशी बिनसले तर पुढच्या लग्नात पत्रिका कोणाला धाडावी इथपर्यंत प्रश्न जातो. म्हणून कागदाची गरज आपल्या माणसाशी व्यवहार करताना अधिक असते.

सांगली-तासगाव भागातील बेदाण्याच्या व्यापाराचे उदाहरण घेतले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. द्राक्षे वाळवून बेदाणा तयार होण्याचा मुख्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. हिरव्या बेदाण्याला भाव मिळतो तो बराचसा रंगासाठी, आणि हा रंग उन्हाळ्याच्या उष्म्यात टिकत नाही. म्हणून माल १५ किलोच्या बॉक्समध्ये भरून शीतगृहात ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात, आणि दिवाळीपर्यंत, कधी त्यापुढेही, सौद्याप्रमाणे काढत जातात. समजा, एका पेढीने मार्चमध्ये २,००० बॉक्स, म्हणजे ३० टन माल ठेवला. एप्रिलच्या अखेरीस शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि दुरुस्ती सहाव्या दिवशी झाली. पेढीला कोणी कळवले नाही. ऑगस्टमध्ये बॉक्स फोडले तेव्हा माल तांबूस निघाला आणि किलोमागे ३० रुपये कमी आले. नुकसान ९ लाख रुपयांचे. शीतगृहाचे मालक म्हणतात, आत तापमान फारसे चढलेच नव्हते. माल मुळात ओलसर आला असेल. पेढी म्हणते, माल उत्तम होता. दोघांकडेही पुरावा नाही. आवक पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले आहे, आणि ती ओळ पेढीतील कोणीही पूर्वी वाचलेली नाही.

दुसऱ्याचा माल ठेवून घेणाऱ्याने त्या मालाची किती काळजी घ्यावी, हे करार कायद्याच्या कलम १५१ मध्ये सांगितले आहे. सामान्य विवेकी माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल, तितकी. तेवढी काळजी घेतलेली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १५२ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. वाचायला हे पुरेसे वाटते. पण बेदाण्याच्या शीतगृहात ‘विवेकी माणसाची काळजी’ म्हणजे नेमके किती अंश, आणि बिघाड झाल्यावर किती तासांत हालचाल, हे कायदा कसे सांगणार? ते पेढीने आणि शीतगृहाने मिळून सांगावयाचे असते. पावतीमागच्या त्या छापील ओळीने हलगर्जीपणाची जबाबदारी कितपत टळते, यावर वकील दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलू शकतात. तोवर हंगाम निघून जातो.

मग करारात काय असावे? प्रथम माप असावे. तापमान किती अंशांच्या दरम्यान राहील, ते खोलीच्या कोणत्या जागी मोजले जाईल (दाराजवळचा आणि मागच्या भिंतीजवळचा आकडा एक नसतो), दिवसातून किती वेळा नोंदले जाईल आणि ती नोंद पेढीला केव्हा पाहता येईल. आज तापमानाची नोंद आपोआप ठेवणारी साधने सहज मिळतात, त्यामुळे मुनीमजींना रोज वहीत आकडा लिहावा लागत नाही. दुसरी गोष्ट आवकेची. माल आत जाताना प्रत्येक लॉटचा नमुना दोघांच्या सहीने सीलबंद करून ठेवला आणि ओलावा मोजून पावतीवर लिहिला, तर ‘माल मुळातच तसा होता’ हा वाद जन्मालाच येत नाही. यात शीतगृहाचेही हित आहे, कारण खरोखरच ओलसर माल आणणारा एखादा असतोच. तिसरी गोष्ट कळवण्याची. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे ठरावीक तास राहिले, तर पेढीला दूरध्वनी आणि लेखी निरोप, रात्र असली तरी. सहा दिवसांच्या बिघाडाची बातमी पहिल्या दिवशी मिळाली असती, तर पेढीला निम्मा माल दुसऱ्या शीतगृहात हलवता आला असता. कित्येकदा नुकसान बिघाडाने होते त्याहून अधिक न कळवल्याने होते, आणि न कळवण्याचे कारण पुष्कळदा संकोचच असते. आप्त असला म्हणजे तो अधिकच.

विमा कोणी उतरवावयाचा हेही लिहिलेले असावे. आगीचा विमा असला म्हणजे सारे झाले अशी समजूत अनेक पेढ्यांत आढळते. यंत्र बिघडल्यामुळे शीतगृहातील माल खराब होण्याची जोखीम हा निराळा विमा आहे, तो यंत्रबिघाडाच्या विम्याशी जोडलेला असतो, आणि त्यासाठीही तापमानाच्या नोंदीच मागितल्या जातात.

आता भरपाईचा प्रश्न. येथे व्यापाऱ्यांनी इंग्लंडमधील एका जुन्या खटल्याची माहिती ठेवावी, कारण त्याची सावली आपल्या कायद्यावर पडलेली आहे. ग्लॉस्टर येथील एका वाफेच्या गिरणीचा मुख्य दांडा मोडला. नवा दांडा घडवण्यासाठी तो नमुना म्हणून ग्रिनिचला पाठवावयाचा होता. वाहतूकदाराने तो पोहोचवण्यास काही दिवसांचा विलंब केला आणि तेवढे दिवस गिरणी बंद राहिली. गिरणीमालकांनी बुडालेला नफा मागितला. १८५४ मध्ये न्यायालयाने ठरवले की, दांडा पोहोचेपर्यंत गिरणी बंदच राहणार आहे ही विशेष परिस्थिती करार करताना वाहतूकदारापुढे ठेवलेली नव्हती. म्हणून तो नफा त्याच्याकडून घेता येणार नाही. ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ या नावाने हा निकाल जगभर शिकवला जातो. आपल्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये हेच तत्त्व आहे, आणि त्या कलमाखालील एका उदाहरणात गिरणीचे यंत्रही आहे. त्यात मालक वाहतूकदाराला गिरणी बंद असल्याचे सांगून ठेवतो. विलंब झाल्यावर गिरणी चालली असती तर मिळाला असता तो सरासरी नफा त्याला मिळतो. पण विलंबापायी सरकारी कंत्राट हातचे गेले, त्याची भरपाई मिळत नाही, कारण त्या कंत्राटाविषयी वाहतूकदाराला काही सांगितलेले नव्हते.

आपला व्यापारी स्वभावतः उलट वागतो. माल किती किमतीचा आहे, कोणाला द्यावयाचा आहे, कोणत्या तारखेवर सारे अवलंबून आहे, हे तो झाकून ठेवतो. बाजारात ते शहाणपणही आहे. सेवा देणाऱ्यापुढे मात्र ही झाकपाक महागात पडते. ‘हा माल हिरव्या रंगासाठी ठेवला जात आहे, रंग उतरल्यास भाव घसरतो, आणि ठेवलेल्या मालाची अंदाजे किंमत इतकी आहे’ ही दोन ओळींची नोंद करारात असली, तर नंतर ‘आम्हांला काय ठाऊक?’ असे म्हणता येत नाही. पुरवठादार त्यावर दर थोडा वाढवून मागेल. मागू द्यावा. त्या वाढीव दराची वाटाघाट म्हणजेच जोखमीची वाटणी आहे, आणि ती नुकसानीच्या आधी झालेली बरी.

काही जण करारात भला मोठा दंड लिहवून घेतात आणि निर्धास्त होतात. कलम ७४ प्रमाणे करारातील रक्कम ही कमाल मर्यादा ठरते. तिच्या आत न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. दिवसाला लाखाचा दंड कागदावर शोभतो, हाती येईलच असे नाही. त्यापेक्षा चुकलेल्या दिवसांच्या प्रमाणात त्या महिन्याच्या बिलातून ठरावीक कपात लिहिलेली असावी. ती लहान असते, पण वाद न घालता वळती होते, आणि दर महिन्याला चूक कोणाच्या तरी डोळ्यांपुढे येते.

या उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण वाचकांपैकी अनेक कुटुंबे स्वतः शीतगृहे चालवतात. शीतगृहाचा मालक पेढीचा पुरवठादार असतो, तसाच कॉम्प्रेसरची देखभाल करणाऱ्या कंपनीचा ग्राहकही असतो. त्याने पेढीला चोवीस तासांत तापमान पूर्ववत करण्याचे वचन दिले आणि त्याच्या स्वतःच्या देखभाल करारात ‘तक्रार आल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत तंत्रज्ञ येईल’ असे असेल, तर मधली दरी त्याला स्वतःच्या खिशातून बुजवावी लागते. ‘येईल’ आणि ‘दुरुस्त करील’ या दोन शब्दांतही फार अंतर आहे. तंत्रज्ञ वेळेवर आला, पाहून गेला, सुटा भाग पुण्याहून मागवतो म्हणाला. करार त्याने पाळला, थंडी मात्र परत आली नाही. देखभाल करार सुट्या भागांसह आहे की सुटे भाग वगळून, वगळलेल्या भागांची यादी कोणती, आणि बिघडण्याजोगे नेहमीचे भाग शीतगृहातच ठेवावयाचे तर ते कोणाच्या पैशाने, एवढे तरी विचारून घ्यावे.

मुदतीचाही एक विचित्र प्रकार आहे. आर्थिक वर्षाच्या सोयीने बहुतेक देखभाल करार ३१ मार्चला संपतात. बेदाण्याच्या शीतगृहाला ही तारीख सर्वांत वाईट. आवक जोरात, खोल्या भरत आलेल्या, बाहेर ऊन वाढते, आणि नेमके त्याच आठवड्यात जुना करार संपलेला, नव्याचे दर ठरायचे आहेत! पुरवठादाराला हे पक्के ठाऊक असते. करार ३१ डिसेंबरला संपेल असा एकदा नऊ महिन्यांसाठी केला, की पुढची सारी नूतनीकरणे यंत्रे स्वस्थ असताना आणि दोन-तीन पुरवठादारांना भेटायला सवड असताना होतात. हळद, गूळ, कापड, प्रत्येक धंद्याचा हंगाम वेगळा. ज्याने त्याने आपला पाहावा.

पैसे देण्याच्या बाबतीत जुन्या सवयी आता चालत नाहीत. सेवा देणारा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या कायद्याने लेखी करार असल्यास ठरलेल्या तारखेस, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि लेखी करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही अशा उशिरा दिलेल्या रकमेची वजावट ती प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच मिळते. मात्र याच कायद्यातील एक तरतूद ग्राहकाच्या उपयोगाची असून ती फारशी कोणी वापरत नाही. सेवेबद्दल हरकत असेल तर ती १५ दिवसांत लेखी कळवावयाची. मग ती हरकत पुरवठादाराने दूर केल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. दूरध्वनीवर रागावणे म्हणजे लेखी हरकत नव्हे. काही न कळवता बिल दाबून ठेवणाऱ्या पेढीची तक्रार कितीही खरी असली, तरी कागदावर ती कायद्याने मान्य केलेली सेवा आणि थकवलेले पैसे एवढेच दाखवते.

ग्राहक मंचाचा आधार आहे असेही समजू नये. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सामान्यतः बसत नाही. स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यापुरता अपवाद आहे.

संगणकप्रणालीच्या करारात ‘९९ टक्के वेळ सेवा चालू राहील’ असे वाक्य असते आणि ते ऐकायला फार छान वाटते. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास. त्यांचा एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे. हे सात तास सौद्याच्या एका दिवशी एकत्र आले, ई-वे बिल निघाले नाही आणि गाड्या फाटकात उभ्या राहिल्या, तरी करार पाळला गेलाच. म्हणून टक्क्यांसोबत कोणते दिवस, कोणते तास, हे विचारावे. गोदामात अग्निशमन यंत्रणा असेल आणि महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंध कायदा त्या इमारतीस लागू असेल, तर परवानाधारक संस्थेचे देखभाल प्रमाणपत्र जानेवारी व जुलैत द्यावे लागते. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी. हे दोन्ही महिने त्या त्या सेवाकरारात नावानिशी घालावेत, नाहीतर सिलिंडरवरची चिठ्ठी बदलते आणि प्रमाणपत्र राहून जाते.

इतके सारे लिहिले तरी ते पाहणारा कोणी हवा. एकत्र कुटुंबाच्या पेढीत खरेदी थोरले बंधू पाहतात, वसुली धाकटे पाहतात, बँक मुलगा पाहतो. सेवाकरार कोणाचेच नसतात. एका व्यक्तीकडे ते सोपवावेत. घरात नव्याने आलेली वाणिज्य किंवा अभियांत्रिकी शिकलेली सून हे काम उत्तम करू शकते, आणि पेढीचा अंतर्भाग तिला यातून जितका लवकर कळतो तितका कोणत्याही खतावणीतून कळत नाही. एक वही पुरे. तक्रार कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणाला दिली. माणूस केव्हा आला. काम केव्हा झाले. बिलातून काय वळते केले. महिन्याच्या शेवटी दहा मिनिटे पुरवठादारासह ती वही वाचावी. चांगल्या पुरवठादाराला हे आवडते, कारण त्याने वेळेवर केलेली कामेही त्याच वहीत असतात.

डिसेंबरच्या बैठकीत हीच वही पुढे ठेवून दर ठरवावा. वेगळे होण्याच्या अटीही त्याच वेळी लिहाव्यात, संबंध गोड असतानाच. किती दिवसांची सूचना, संगणकातील आपला हिशोब कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळणार, सांकेतिक शब्द कोणाच्या ताब्यात, उरलेला माल कोणत्या दराने किती काळ ठेवता येणार. भाडे थकले तर माल अडवून ठेवण्याचा हक्क शीतगृहे सांगतात, आणि सेवेचा मोबदला मिळेपर्यंत माल राखून ठेवण्यास करार कायद्यातही आधार आहे. पण ९ लाखांच्या वादापायी ३० टन माल कुलपात पडून राहणे दोघांच्याही हिताचे नाही. वाद नसलेली रक्कम भरल्यावर आणि वादातील रकमेपुरते बॉक्स मागे ठेवून बाकीचे सौद्याला जाऊ द्यावेत, असे एक कलम डिसेंबरमध्येच घालून घ्यावे. ऑगस्टमध्ये ते घालून द्यायला कोणी तयार होत नाही.